जिवाणी

एकतीस वर्षं ती रोज विचारायची,
"हे कुठं सोडू?"
नळाखाली दुपदरी गाळणं,
हंडा भरला की तेच उलटं करून
गाळल्या पाण्यानं धुतलेलं,
आणि तांब्यात ते जीव,
मला कधीच न दिसलेले.

मी बुटाची नाडी आवळत म्हणायचो,
"सोड मोरीत,"
आणि नगरपालिकेत जायचो.
पाणीपुरवठा, टेबल तीन.

रिटायर झालो. जिंतुरात उन्हाळा.
तिसऱ्या की चौथ्या दिवशी ओट्याजवळ बसलेलो,
राजुलनं तेच विचारलं
आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं.

नियम साधा आहे:
जिथलं पाणी, तिथंच जिवाणी.
वरून फेकायची नाही.
बादलीच्या बुडाला कडी असते,
दोर सैल सोडला की
पाण्यावर टेकून अलगद उपडी होते.
पण नळाला कुठलं आलंय बूड?

रविवारी तांब्याला फडकं बांधून
येलदरीची एसटी धरली. अर्धं तिकीट.
कंडक्टर म्हणाला, "तीर्थ का, काका?"
म्हटलं, "नाही. उसनं आणलं होतं,
परत करायला चाललोय."
धरणाच्या काठाला वाकलो, तांब्या तिरपा केला.
णमोकार म्हणायला गेलो
आणि अर्ध्यात विसरलो.

असे अकरा रविवार.
बाराव्याला गुडघा म्हणाला, पुरे.

मग आठवली मंदिरामागची विहीर.
आठवली म्हणजे काय, विसरलो कधी होतो?
बोअर पाडलं त्या वर्षी
रजिस्टरात माझ्याच अक्षरात:
"सदर विहीर निरुपयोगी.
बुजविण्यास हरकत नाही."
खाली सही, फराटा जरा ऐटीतच.

आता यल्लाप्पा नि त्याचा पोरगा खाली उतरतात,
मी घमेली ओढतो.
टायर, चपला, कुणाकुणाचे घट,
एक अख्खी शिलाई मशीन.
पोरं कठड्यावरून विचारतात,
"काय करूलालाव, काका?"
ट्रस्टी म्हणाले, एवढ्यात कळसाला मुलामा झाला असता.
मी पावतीपुस्तक पुढं केलं.

गाळ हातानं चिवडतो.
बेडूक, गोगलगायी ओल्या पोत्यावर वेगळ्या काढतो.
फावड्यानं किती मेले, ते तिथं मोजत नाही.
संध्याकाळी सामायिकाला बसतो
तेव्हा दुसरं काही मोजता येत नाही.

परवा तळाशी झरा लागला, टाच बुडेल एवढा.
पोरानं खालून अर्धी कळशी पाठवली, गढूळ.
राजुलनं गाळणं चौपदरी केलं.
गाळलं, उलटं करून धुतलं.
माळ्यावरून काढली
माहेरची कडीची बादली,
तिचा तोच जुना दोर,
त्या काळच्या पाण्याला पुरायचा तेवढाच.

सोडला.
बादली अधांतरी हलत राहिली,
पाण्याच्या कितीतरी वर.

तिनं माझ्याकडं पाहिलं,
विचारलं काहीच नाही.
मी खांद्यावरचं उपरणं काढलं
आणि त्याचं टोक दोराला बांधू लागलो.