मठार

ह्यांच्या डोक्यात किडा आहे, सासूबाई म्हणायच्या,
चांगल्या अर्थानं.
घंगाळाच्या पोटावर एक ओळ वाकडी गेली
की हे रात्री उठून भट्टी पेटवायचे.

आश्विनात, तांबट आळीत उन्हं उतरताना
ठोका चुकला.
इथं एकाचा ठोका चुकला की शेजारचा हात थांबतो.
आधी हातोडी पडली, मग हे.
डावा गाल ओढला जात होता,
कुणी आतून पत्रा वळवत असल्यासारखा.
पिंपळ्यांच्या श्रीधरनं कांदा फोडून नाकाशी धरला.
मी म्हटलं, कांदा राहू दे, रिक्षा आण.

शरणपूर रोडला, उजेडाच्या काचेवर लावलेली फिल्म.
राखाडी मेंदू, त्यावर गोल गोल खळगे,
एकेका खळग्यात बारीकसं टिंब.
'जंताची पिल्लं,' डॉक्टर कासलीवाल म्हणाल्या.
आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही हो, मी म्हटलं.
'त्याचंच आलं की. कोथिंबिरीवरून, पाण्यातून, कुणाच्या हातून.'
मला रविवार कारंजावरची जुडी आठवली,
घाईत न धुता चिरलेली.
किंवा ती नसेलही.
तेव्हापासून मी झालेली सगळी जेवणं
मागे जाऊन चाखत असते.

हे फिल्मकडेच बघत होते.
'मठार बरा नाही,' म्हणाले, 'ओळीत नाही.'

गोळ्या झाल्या. किडे मेले.
मेलेल्यांचा चुना होतो, तो तिथंच राहतो म्हणे.
आता दुधाचा हिशेब लागत नाही.
थोरलीचं सासर सिन्नर की निफाड, ठरत नाही.
सकाळी विचारतात, आई उठली का?
मी म्हणते, अजून नाही.
(पितृपक्षात तिचं पान ह्यांनीच ठेवलं होतं, गच्चीवर, कावळ्याला.)

घंगाळ हा शब्द गेला.
'ते... पाण्याचं, दोन कड्यांचं,' म्हणतात
आणि तेच घडवत बसतात.
मनगट मोजतं, तोंडाला आकडा येत नाही.
ओळीला ओळ लागलेली,
एक ठोका अधिक नाही.

काल गिऱ्हाईक दारात उभं.
मला हाक मारायला ह्यांनी तोंड उघडलं,
ते उघडंच राहिलं.
मी आतून बघत होते. मुद्दाम पुढे झाले नाही.
मग हातोडी उलटी धरून
ऐरणीवर तीन हलके ठोके दिले,
नव्या लग्नात, सासूबाईंदेखत,
चहा मागायचे तसे.

मी आधण ठेवलं.