डावा हात

डाव्या हाताने कुणाला काही देऊ नये,
आई सांगायची. प्रसाद नाही, पैसे नाहीत.
पण डिचोलीहून मयेकडे उतरताना
उजवा हात अ‍ॅक्सिलेटरला बांधलेला असतो
आणि समोरून कायतान येतो.

मग क्लचवरची चार बोटं उचलायची.
तळवा मुठीवरच, अंगठा जागचा हलत नाही.
एवढंच.
सगळा हात हवेत नाचवतात भाड्याच्या स्कूटरवाले,
त्यांना माफ आहे, रविवारी परत जातील.
बुलेटवाले फक्त बुलेटवाल्यांना मूठ दाखवतात,
माझी स्प्लेंडर त्यांना दिसत नाही.
हॉर्न तर नाहीच. हॉर्न पोदेराचा,
नाहीतर मासळीवाल्याचा.

कायतान पायलट. मागे भाडं असेल
तर बोटं नाहीत, नुसती हनुवटी.
दिव्याची दोनदा उघडझाप: वळणावर पोलीस.
तळव्याने हवा खाली थोपटली: गुरं बसलीत रस्त्यात.
एकदा मागे एक बाई होती,
मांडीवर तापानं वाळलेलं पोर.
त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.
मी कडेला, पार गवतात उतरून
वाट दिली.

अकरा वर्षं. मी वीज खात्याचे मीटर वाचत,
तो माणसं पोचवत.
नाव कळलं तेही पिवळ्या मडगार्डवर
काळ्या रंगात लिहिलेलं होतं म्हणून.

एकदा चोडणच्या फेरीबोटीत शेजारी आला.
इंजिनं बंद. हँडलला हँडल टेकलेलं.
आता बोलणं भागच होतं.
‘गरम जाता न्ही?’ तो म्हणाला.
‘जाता,’ मी म्हणालो.
मग दोघंही पाण्याकडे बघत राहिलो
अनोळखी सोयऱ्यांसारखे,
रायबंदरचा धक्का एकदाचा यावा म्हणून.
फळी आपटली. किक मारली.
तो डावीकडे जुन्या गोव्याला, मी उजवीकडे पणजीला,
आणि वळता वळता
बोटं उचलली गेली, दोघांचीही.
हुश्श.

चतुर्थीनंतर तो दिसला नाही.
गॅरेजवाला भानुदास म्हणाला, नजर गेली त्याची,
गाडी पेडण्याच्या कुणाला तरी दिली.
पिवळा रंग खरवडून काढावा लागला, म्हणाला,
दोन थर होते.

काल मयेच्या तिठ्यावर, कदंबाच्या थांब्यावर
उभा होता. काळा चष्मा,
डाव्या हातात सुंगटांची पिशवी, पाणी ठिबकत.
त्याला दिसणं शक्य नव्हतं.
पण माझा सायलेन्सर फुटका आहे, गेल्या वर्षापासून,
बायको रोज ओरडते.
त्याने मान जराशी कलती केली.
पिशवी उजव्या हातात घेतली.
मग मोकळ्या डाव्या हाताची, हवेतल्या मुठीवरची
चार बोटं.

माझीही उचलली गेली होती, सवयीनं.
ती कुणाला दिसणार?

मी हॉर्न दिला.
पोदेरासारखा, दोनदा.