लिंटेल

अमोनियाचा वास केव्हाच उडून गेलाय,
निळ्या रेघा मात्र अजून ओल्या वाटतात.
देवपूर, धुळे. मार्च एकोणीसशे अठ्ठावन्न.
खाली केळुसकरांची बारीक, तिरकी सही.

दीड वर्ष आम्ही या कागदाचं ऐकतोय.
फॉल्स सीलिंग उतरवलं,
वर चिमण्यांची तीन घरटी, रिकामी.
सरकत्या खिडक्या भंगारात गेल्या,
बडगुजरांनी सागाची तावदानं पुन्हा बसवली.
चकचकीत फरशीखालून मोझॅइक निघालं,
लाल, त्यात काळे खडे,
पांझरेच्या वाळूतलं कलिंगड कापावं तसं.
पश्चिमेची जाळी मोकळी केली.
आता मे महिन्यात, दुपारी तीनला,
हॉलमध्ये ऊन येतं ते चाळून.
माणूस हुशार होता. रोज म्हणते मी.

परवा सुपडू मिस्त्रीनं हाक मारली.
स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत,
प्लास्टर खरवडलेलं,
आणि डोळ्यांच्या जरा वर
साडेतीन फुटांचं लिंटेल.
खाली विटा. सलग, कधीच न फोडलेल्या.
नकाशात इथे नुसती जाड रेघ आहे.

सुपडूनं हातोडीनं टकटक केलं,
आत कुणी आहे का बघावं तसं.
"हायी भित मना बापनी बांधेल शे,"
म्हणाला, आणि पुढे काहीच नाही.

कुणी सांगितलं असेल त्याच्या बापाला?
की कुणीच नाही,
ओट्याच्या जागेशी दुपारभर उभं राहून
घाम पुसता पुसता
त्यानं आपणच ठरवलं असेल
की आज नाही, पण कुणीतरी इथे खिडकी मागेल?
पासष्ट वर्षं ते लिंटेल
नसलेल्या खिडकीवरचा भार उचलून आहे.

मी नकाशा पुन्हा पसरला.
छेदचित्रात व्हरांड्यात एक हॅटवाला,
हॉलमध्ये खुर्चीत एक, पाय पसरून.
पोर्चमध्ये मोटारसुद्धा.
स्वयंपाकघरात कुणीच नाही.

आईनं चष्मा न लावताच कागद पाहिला.
"ज्याला चहा आयता मिळायचा, त्यानं काढलंय," म्हणाली,
"फोडा."

मूळ आराखड्याबरहुकूम, असं मी लिहून दिलंय
नाशिकच्या भावाला, ज्याचे पैसे आहेत.

सुपडूनं खडूच्या तीन रेघा ओढल्या.
चौथी लिंटेलचीच.
घण अजून खाली, गोणपाटावर.
आई हॉलमध्ये जाऊन
खुर्चीत बसली आहे,
पाय पसरून.