कपाळावरची वेळ

सोहारच्या इस्पितळामागे, शुक्रवारी पहाटे,
बस उलटली.
म्हणजे उभीच होती, दारं उघडी, एसी चालू,
आत लेबर कॅम्पातली बावीस माणसं
रंगवलेल्या जखमा सांभाळत बसलेली.

डॉक्टर शमसांनी शिट्टी वाजवली.
"आता दया नाही, क्रम," त्या म्हणाल्या.
"ओरडतो त्याचा श्वास चालू आहे.
गप्प माणसाकडे आधी जा."

वीस वर्षं नर्स आहे मी.
गप्प माणसाकडे आधी जा,
हे मला लग्नाआधी कुणी सांगायला हवं होतं.

ज्युरिस हिरव्या चिठ्ठ्या वाटत पुढे गेली:
चालता येतंय ना, मग ऊठ, त्या गाफच्या झाडाखाली बस.
माझ्या वाट्याला तिसऱ्या सीटखालचा.
हनुवटी उचलली, मान सांभाळून,
गाल त्याच्या तोंडाजवळ नेला.
वारा नाही.
पुन्हा उचलली. नाही.
काळी चिठ्ठी मनगटाला बांधून निघाले
तर मागून कुजबुज आली,
"बाई, काळं म्हन्जे काय ओ?"

मेलेल्यानं बोलायचं नसतं. तेही मराठीत.
मी वळले नाही. पाय तेवढे थांबले.
पुढच्याच्या मांडीतल्या नळीतून
लाल पाणी उसळत होतं.
पट्टा आवळला, दांडी पिळली,
उसळी मरेपर्यंत पिळत राहिले
आणि मार्करनं त्याच्या कपाळावर लिहिलं: ६.५२.
पट्ट्याखालचा पाय घड्याळावर जगतो.

दुपारी सावलीत तो भेटला, चिठ्ठी अजून हातात.
सटवाजी. देगलूरकडचा. बंदरावर परांच्या बांधतो.
मरायचे पाच रियाल आणि बिर्याणी.
इतका दम कसा धरलास रे?
"विहिरीतून, बाई. तळाचा दगड आनायचो."
भाताची शितं निवडत राहिला.
मग म्हणाला, काळं म्हन्जे आमचा पोशेट्टी.
शेडवरून पडला. पत्र्यानं मांडी फाडली.
गाडी येईस्तोर आमी त्याला पानी पाजलं,
वारा घातला, नाव घेत ऱ्हायलो.
"दाबायचं होतं का?"

फाइलीत यावर पान नाही.
मी हो म्हणाले.
म्हणाले आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं.

त्यानं गळ्यातला टॉवेल काढून पुढे केला.
तळहात असा. सगळं वजन.
उघडून बघायचं नाही.
"किती येळ?"
कुणी येईपर्यंत.
"आन् कुनी न्हाई आलं तर?"
तरीही.
टॉवेलची गाठ, गाठीत डाव, डाव पिळायचा.
भोवती आणखी चौघं येऊन बसले,
एक सिल्हेटचा, एक पेशावरचा, दोघं कुठले कळलं नाही,
आणि एकमेकांच्या मांड्या दाबू लागले,
आधी हसत.

"लिवा की," तो म्हणाला.
मी त्याच्या कपाळावर लिहिलं: १२.१०.
बिर्याणीच्या डब्याच्या झाकणात त्यानं तोंड पाहिलं,
आकडे उलटे दिसले असणार.
"सटवाई लिवून गेली ते कुनाला वाचता येत न्हाई.
हे येतंय."
आणि न पुसता बसमध्ये चढला.

संध्याकाळी निकाल लागला. उत्तीर्ण.
खाली डॉक्टर शमसांच्या बारीक अक्षरात शेरा:
काळ्या रुग्णापाशी चार सेकंद जास्त.