उरलेली पानं

माग विकला त्या सालापासून
वडगावातल्या आमच्या पडवीत त्याचा खड्डा तेवढा उरला,
ज्यात पाय सोडून मी चाळीस वर्षं बसलो.
आता रविवारी तिथे रद्दी पडते.

मार्च संपला की ईराण्णाची रिक्षा येते
शहापूर, टिळकवाडी, अनगोळ फिरून,
पोत्यांत वापरलेल्या वह्या.
आम्ही पाचजण. पुठ्ठा ओरबाडायचा,
लिहिलेलं फाडायचं, कोरं ठेवायचं.
कुणाची सात पानं कोरी, कुणाची तीस.
एका वहीत तर पहिल्या पानावर नुसती तारीख,
पुढे काहीच नाही.
एकेरी, दुरेघी, चौकटीची,
सगळी एका गठ्ठ्यात ठोकून
साडीच्या उरलेल्या सुताने मी शिवतो.
पदराची गाठ वहीच्या कण्यालाही चालते
हे मला साठीनंतर कळलं.
पुठ्ठे, लेबलं, नावं
खड्ड्यात.

जूनमध्ये खानापूरची बस,
जांबोटीच्या पुढे टेम्पो,
मग ओढा ओलांडून चालत, डोक्यावर गठ्ठे.
गवळीवाड्याची शाळा: एक खोली, अकरा पोरं.
बाई आठवड्यातून तीनदा येतात,
स्वयंपाकाची नीलव्वा मात्र रोज.
देणगीवाल्यांना फोटो लागतो.
पोरं वह्या छातीशी धरतात, डोळे बारीक करतात.
मी कडेला उभा,
हात कुठे ठेवावेत ते न कळून.

ठकू झोरेने वही हुंगली.
"नवी न्हाई का गा? जुन्याचा वास येलालाय."
खरंच होतं. काय बोलणार.

मग ती भिंतीला टेकून
पेन्सिल आडवी धरून पान काळं करत सुटली.
मी ओरडणारच होतो,
इतक्या लांबून आणलेलं पान वाया घालवते म्हणून,
तेवढ्यात काळ्यातून पांढरं वर आलं.
आधीच्या पानावर कुणीतरी
जोर देऊन लिहिलेलं,
ते पान फाडलं तरी खाली उतरलेलं.
कानडी अक्षरं. गोल, घाबरट,
एकमेकांना चिकटून बसलेली.

मी दोन्ही बोलतो. बाजारात, घरात;
मागावर धागा तुटला की शिवी कानडीतच यायची.
पण वाचायला एकच शिकलो.
नीलव्वा पिठाचे हात पुसत आली,
पान दाराच्या उजेडाकडे धरून
लसूण सोलावा तसं एकेक अक्षर सोललं तिने:
"नाळे नानु शालेगे बरुवुदिल्ल."
उद्या मी शाळेला येणार नाही.

"शुद्धलेखन असंल," ती म्हणाली.
"नाहीतर रजेचा अर्ज," मी म्हणालो.
दोघंही जरा जास्तच हसलो.
तिकडे आमटी उतू गेली.

ठकू हसली नाही.
दाताने पेन्सिलीला टोक काढलं,
आणि त्या ओळीखाली
एका चौकटीत अक्षर,
दुसरीत प्रश्नचिन्ह,
मराठीत लिहिलं:
का?

परतीच्या बसमध्ये आठवत बसलो,
कोणता पुठ्ठा होता तो,
लेबलावर नाव होतं का, इयत्ता, गाव.
मीच फाडला असणार.
डावीकडून, एका झटक्यात.
त्यात माझा हात बसलाय.

रात्री बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरलो.
रिकामा.
रद्दीवाल्याने मेमध्येच सगळं उचललं होतं,
त्याच पैशांत आम्ही दाभण आणि सरस आणला होता.

आता कोरं पान हाती आलं
की आधी अंगठा फिरवतो त्यावरून,
कापडात तुटलेला धागा शोधतात तसा.
कधी काही लागतं. बहुतेकदा नाही.
"काका, हात चालवा," ईराण्णा म्हणतो,
"अजून चारशे शिवायच्यात."