बेचाळीस पूर्णांक आठ

एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत
मी दारू नुसती मोजली.
मळीच्या टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत
तिचा वास माझ्या पदराला बसलेला,
पण जिभेवर थेंब नाही.
रजिस्टरात सही, घरी येऊन अंघोळ, मग कुकर.

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी धैर्यशील
फ्रीजवर जिनच्या तीन बाटल्या ठेवून गेला.
"मामी, तू पास-नापास कर."
तिन्हींवर एकच आकडा, बेचाळीस पूर्णांक आठ टक्के.
म्हटलं, आकडा सारखा, तर फरक कशात?

त्याची आई हौसाक्का, माझी नणंद,
शनिवारी मुक्कामाला आली.
समोर बुधल्यांची सून कपडे वाळत घालत होती,
म्हणून खिडकी लावली.
पेले स्टीलचे, कारण काचेत दिसतं.
माप म्हणून निरोपसमारंभात मिळालेला
पन्नास मिलीचा काचेचा नळा.

पहिली लंडन ड्राय.
नाक आत घातलं तर कापूर,
नव्या पेन्सिलीला टोक काढल्यावरचा वास.
"डांबराच्या गोळ्या टाकल्यात व्हय गं ह्यात?"
मला मात्र तिथंच थांबावंसं वाटलं.
आमच्या जुन्या सबनीसबाईंसारखी सरळ,
ज्या कौतुकसुद्धा लाल शाईत लिहायच्या.

दुसरी ओल्ड टॉम, जुन्या चालीची, जराशी साखरेची.
मांडवात पहिल्यांदाच भेटून
"आमच्याकडं या हं" म्हणणाऱ्या पाहुणीसारखी.
हौसाक्काला हीच पटली.

तिसरी गोव्याची: गवती चहा, कोकम, धणे, लिंबाची साल,
एका बाटलीत इतकी मंडळी
की जुनिपरला बसायला जागा नाही.

हे जुनिपर म्हणजे काय ते बघायला
मी आधीच महाद्वार रोडला काष्ठौषधीवाल्याकडं जाऊन आलेले.
मागच्या डब्यातून त्यानं काळसर मणी काढले.
"हपुषा. पोटासाठी ना?"
हो म्हटलं. अगदीच खोटं नव्हतं.

मग कशात घालून प्यायचं, यावरून जुंपली.
मला टॉनिक आवडलं.
हिवतापात आई नाक दाबून काढा पाजायची,
त्या कडूची आठवण,
फक्त आता नाक कुणी दाबत नाही.
हौसाक्कानं घोट मोरीत थुंकला.
"पैसे देऊन कडू कोण पितंय? मी आपला रसात घेतो."
आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून
तांब्याभर उसाचा रस घेऊन आली,
आलं-लिंबू मारून, बिनबर्फाचा.

मी हसले, आणि मधेच थांबले.
ऊस. उसाची मळी. मळीची दारू.
मी ही वाट जन्मभर एकाच दिशेनं लिहिली,
इथून इतकी आत, तिथून तितकी बाहेर.
दारू परत रसात गेली
तर ती कुठं मांडायची,
असा रकानाच नव्हता आमच्या रजिस्टरात.

चव? खरं सांगायचं तर वाईट.
गोडमिट्ट, आणि वर हिरवट वास.
हौसाक्कानं पेला संपवला, तोंड पुसलं,
बराच वेळ पेल्याच्या बुडाकडं बघितलं.
तिच्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली.
रोज संध्याकाळी गंगावेशीतून तो कसा घरी यायचा
हे आम्हा सगळ्यांना ठाऊक.
"एवढंच होतं व्हय ह्यात?" ती म्हणाली.
मी काही बोलले नाही.
नळा धुतला, पालथा घातला.

माझं ठरलं: ड्राय, तीस मिली,
टॉनिक दुप्पट, काकडीची एक चकती, लिंबू नको.
वहीत तसं लिहून तारीख घातली.

नवाला धैर्यशीलचा फोन.
"मग मामी, कुठली पास?"
मी हौसाक्काकडं बघितलं.
ती तांब्यात उरलेला रस पेल्यात ओतत होती.
"त्याला सांग," ती म्हणाली,
"आईनं सरबत घेतलं म्हणून."