अवांतर

खान नदीच्या अलीकडे आमचं मैदान, सावली एकच,
एका कडुनिंबाची,
आणि तीही दुपारी दोननंतर साइटस्क्रीनकडे सरकते.
हे मला ठाऊक आहे, कारण एकोणतीस हिवाळे
मी त्या सावलीमागे टेबल ओढत नेलंय.

विद्युत मंडळात मीटरचे आकडे लिहायचो,
रविवारी धावांचे.
बायको विचारायची, कंटाळा कसा येत नाही हो?
आता तेही विचारत नाही.

क्लबाला पन्नास वर्षं झाली.
जेल रोडवर स्मरणिका छापली, गुळगुळीत कागदाची,
अध्यक्षांच्या आठ फोटोंची.
शाल मिळाली मंडपवाल्याला.
केटररला मिळाली, त्यानं ताटामागे पाच रुपये सोडले होते.
नगरसेवकाच्या मेहुण्याला मिळाली,
कशाबद्दल ते त्यालाही कळेना,
भला माणूस, ओशाळला बिचारा.
मी तेव्हा प्रदर्शनी सामन्याची बेरीज जुळवत होतो.
दोन धावा कमी येत होत्या.
सापडल्या, तोवर टाळ्या संपल्या.

पान त्रेचाळीस, तळाची ओळ:
'व इतर अनेकांचे सहकार्य लाभले.'
चष्मा पुसून पुन्हा वाचली.
त्या 'अनेकां'त मी किती असेन?
पाव? अर्धा?

ज्यांना खेळातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो:
चेंडू बॅटला लागत नाही, कशालाच लागत नाही,
यष्टिरक्षकाला चकवून पळत सुटतो
आणि फलंदाज तेवढ्यात एक धाव काढून घेतात.
धाव संघाची. नावावर कुणाच्याच नाही.
तिच्यासाठी पानाच्या तळाशी एक अरुंद रकाना असतो, अवांतर.
कितीदा आम्ही निव्वळ तेवढ्यावर जिंकलो
ते माझ्याखेरीज कुणाला माहीत नाही,
आणि मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी गेलो नाही.
दहा वाजता हात उगाच पेन्सिल चाचपू लागला.
आत कुकरच्या शिट्ट्या: टिंब, टिंब, टिंब.
सहावीला मी ओरडलो, "ओव्हर!"
ती धावत आली, गॅस बंद केला,
डाळीचा पार लगदा झाला होता.
हसली नाही.
मग हसली.

साडेदहाला एक पोरगं आलं,
सायकलवरून न उतरताच म्हणालं, "काका, पेटीची चावी."
बरं नाही का, म्हणून विचारलं नाही.
मी चावी दिली.
वर टोक केलेली पेन्सिलही दिली,
आणि तिचाच राग मला संध्याकाळपर्यंत पुरला.

माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या,
खरं सांगायचं तर सूड म्हणून:
माझं नाव कुठे कुठे यायला हवं होतं ते मोजायला.
शहाण्णव सालची फायनल. समासात माझंच अक्षर,
'खेळपट्टी ओली. खेळ उशिरा सुरू.'
आणि ती खेळपट्टी गोणपाटं पिळून पिळून
कोरडी करणारा माणूस मला लख्ख दिसला,
गुडघ्यांवर टेकलेला, कानावर बिडी, कोपरापर्यंत चिखल.
दादा म्हणायचो आम्ही त्याला. सगळेच.
एकोणतीस वह्या उलटल्या.
तो एकाही रकान्यात नव्हता.
रकाने मीच आखायचो.

परवा बुधवारी गेलो, सामना नसताना.
तो पाइप धरून उभा होता, आता बराच वाकलाय.
"दादा, तुमचं पूर्ण नाव काय?"
"क्यों बाबूजी, शिकायत लिखनी है?"
पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं होतं.
"नाही. नुसतंच लिहायचंय."
"भेरूलाल," तो म्हणाला, आणि थांबला,
ट्रंकेच्या तळातून काहीतरी घडीचं काढावं तसा,
"भेरूलाल चौहान. देवास के।"
मग पाइप दुसऱ्या हातात घेऊन,
माझ्याकडे नीट बघत:
"और आपका?"